नवीन घर, बेसा: नेटवर्कची पेटी कुठे ठेवू आणि स्लॅबआधी कोणते पाइप टाकून घेऊ?

बेसेकर · ९ नोव्हेंबर, रात्री १०:१५

नागपुरात बेसा-पिपळा रोडला ३० बाय ५० फुटांच्या प्लॉटवर आमच्या घराचं काम सुरू आहे. तळमजला, वर एक मजला, त्यावर गच्ची आणि जिन्याची मुमटी (जिना गच्चीवर निघतो तिथली छोटी खोली). खालच्या भिंती झाल्या, सेंट्रिंग लागतंय, आणि ठेकेदार म्हणतो की सोळा-सतरा दिवसांत पहिला स्लॅब पडेल. इलेक्ट्रिशियनला म्हटलं, प्रत्येक खोलीत नेटची तार हवी आहे. तो म्हणाला, "आता सगळे वायफायच वापरतात भाऊ, तार कायले पाहिजे? लायटीच्याच पाइपातून एक काढून देतो." त्याचं लायटीचं काम स्वच्छ असतं, पण हे उत्तर काही पटलं नाही.

खाली पोर्च, हॉल, स्वयंपाकघर आणि आई-बाबांची खोली. जिना घराच्या मधोमध. वर दोन बेडरूम आणि माझी कामाची खोली. मी घरूनच काम करतो, दिवसभर व्हिडिओ कॉल असतात, नेट गेलं की दिवस गेला. पुढेमागे गच्चीवर सोलर बसवायचा आहे. फाटक, पोर्च, मागची सांद (घरामागची अरुंद जागा) आणि गच्चीचं दार, इथे कॅमेरे हवेत.

आर्किटेक्टनी सुचवलंय की नेटवर्कचं सगळं सामान मुमटीत ठेवा. खाली जागा अडत नाही आणि फायबरची तारही खांबावरून गच्चीवरच येते. दुसरी जागा जिन्याखाली, जिथे इन्व्हर्टर बसणार आहे. पेटी कुठे ठेवू? आणि स्लॅबमध्ये आत्ताच काय टाकून घेतलं म्हणजे नंतर फोडाफोड होणार नाही? नेटची केबल कॅट सिक्स दर्जाची घ्यायची की त्यावरच्या सिक्स ए दर्जाची, हेही सांगा.

तारतम्य · ९ नोव्हेंबर, रात्री ११:०२

पंधरा वर्षं ऑफिसं आणि घरांची डेटा केबलिंग करतोय, म्हणून आधी हेच सांगतो: केबलचा प्रश्न आज बाजूला ठेवा. केबल तुम्ही एप्रिलमध्येही घेऊ शकता. या सोळा दिवसांत ठरवायचे आहेत ते फक्त पाइप. दहा वर्षांनी आजची केबल जुनी झाली तर पाइपातून ओढून नवी टाकता येते. स्लॅबमध्ये पाइपच नसेल तर मात्र पट्ट्या मारत भिंतीवरून फिरावं लागतं.

पाइप २५ मिमीचा घ्या, आयएसआय मार्कचा, मीडियम ड्यूटी. इलेक्ट्रिशियन सवयीने २० मिमी टाकतो. हिशेब असा, की पाइपाच्या आतल्या पोकळीचा साधारण ४० टक्केच भाग केबलने भरावा, नाहीतर ओढताना केबल ताणली जाते आणि आतल्या तारांच्या जोड्यांचा पीळ बिघडतो. कॅट सिक्सची जाडी सहा मिमीच्या आसपास असते. २० च्या पाइपात दोन केबल नीट जातात, २५ मध्ये चार.

लायटीच्या पाइपातून नेटची केबल अजिबात नको. लायटीच्या वायरमुळे सिग्नलमध्ये गोंगाट येतो हे कारण सगळे सांगतात, ते खरं आहेच, पण माझ्या लेखी मोठं कारण सुरक्षेचं आहे. कधी लायटीच्या वायरचं आवरण सोललं गेलं, तर २३० व्होल्ट नेटच्या केबलवर येतात आणि तिथून सगळ्या यंत्रांवर, तुमच्या लॅपटॉपपर्यंत. दोन्ही पाइप शेजारून जाणारच असतील तर मध्ये निदान एक फूट अंतर ठेवा. एकमेकांना ओलांडायचं असेल तर काटकोनात ओलांडू द्या.

वळणाला बाजारातला आखूड एल्बो नको. स्प्रिंग घालून पाइपच वाकवायचा, लांब आणि सावकाश. दोन वळणांनंतर एक ओढ-बॉक्स, म्हणजे केबल मधेच धरून ओढायला उघडा बॉक्स. प्रत्येक पाइपात नायलॉनची दोरी आत्ताच सोडून ठेवा, दोन्ही टोकांना हातभर जास्त.

आणि पाइप सळ्यांच्या मधे बांधला गेला पाहिजे, म्हणजे खालच्या जाळीच्या वर आणि वरच्या सळ्यांच्या खाली. सेंट्रिंगच्या प्लेटवर नुसता टाकून दिला तर काँक्रीटचं आवरण मिळत नाही. पाच-सात पाइप एकाच जागी गोळा करून बीममधून न्यायचे असतील तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. हे इलेक्ट्रिशियनच्या भरवशावर सोडू नका.

निंबोणी · १० नोव्हेंबर, सकाळी ७:५०

मुमटीत ठेवू नका. कृपा करून नका.

आमचं घर मानेवाड्याला आहे. चार वर्षांपूर्वी आम्हालाही हाच सल्ला मिळाला होता, अगदी हीच कारणं. मुमटीच्या भिंती चार इंची, वर नुसता स्लॅब, पश्चिमेला लोखंडी दार. हिवाळ्यात बसवलं तेव्हा सगळं छान चाललं. एप्रिलच्या मध्यापासून दुपारी दोननंतर नेट आपोआप बंद-चालू व्हायला लागलं. कंपनीचा माणूस सकाळी दहाला यायचा, तेव्हा सगळं व्यवस्थित, तो लाइन तपासून निघून जायचा. असं तीनदा झालं. मेमध्ये नेटवर्कचा स्विच (सगळ्या नेटच्या तारा जिथे जोडतात ते यंत्र) एका दुपारी जो बंद पडला तो पडलाच.

मग मी वर जाऊन स्वयंपाकघरातला थर्मामीटर त्या पेटीत ठेवला. दुपारी साडेतीनला ५४ अंश. स्विचच्या खोक्यावर छापलेलं होतं: वापराचं तापमान ० ते ४० अंश. खोका चार महिने कपाटात पडून होता, कोणी वाचलाच नव्हता. बाहेर सावलीत ४५ असताना आपल्याकडे मुमटी म्हणजे भट्टी असते, हे आपल्याला माहीत असतं. तिथे आपण पापड वाळवतो, आणि तिथेच नेटवर्कचं सामान ठेवलं.

नंतर सगळं खाली आणलं. पाइप नव्हते, त्यामुळे जिन्याच्या भिंतीवरून पांढऱ्या पट्ट्या आल्या आहेत. रोज जाता-येता दिसतात.

बेसेकर · १० नोव्हेंबर, सकाळी ९:२०

निंबोणीताई, मनापासून आभार. मुमटी रद्द. मी लगेच माझ्या आत्ताच्या राउटरचा खोका काढून पाहिला, त्यावरही ० ते ४० च आहे.

मग जिन्याखाली नक्की करू का? इन्व्हर्टर आणि बॅटरी तिथेच आहे, म्हणजे वीजही जवळ.

वर्धारोड · १० नोव्हेंबर, दुपारी १:३५

जिन्याखाली चालेल, पण बॅटरीसोबत एका बंद कपाटात नको. पाण्याची लेड-अॅसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, आणि त्यासोबत आम्लाची वाफ थोडी का होईना येते. हायड्रोजनला मोकळी वाट लागते, आणि आम्लाच्या वाफेने तांब्या-पितळेचे कॉन्टॅक्ट हिरवे पडतात. मी एका दवाखान्याच्या इमारतीत असं पाहिलं आहे, स्विचच्या पोर्टमधल्या सोनेरी तारा काळपट झाल्या होत्या.

आणखी एक गोष्ट. बॅटरीलाही उन्हाचा त्रास आपल्याएवढाच होतो. २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना लेड-अॅसिडचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. नेटवर्कची यंत्रं स्वतः उष्णता सोडतात, ती बॅटरीच्या डोक्यावर कशाला?

तुमच्या नकाशात जिना मधोमध आहे म्हणता. मग जिन्याच्या भिंतीची पलीकडची बाजू हॉलमध्ये किंवा पॅसेजमध्ये येत असेल. ती आतली भिंत आहे, तिच्यावर ऊन कधीच पडत नाही, आणि हॉलचा कुलर किंवा एसी चालू असला की तिथली हवाही बरी असते. पेटी तिथे, पाच-साडेपाच फुटांवर. छताला चिकटवू नका, गरम हवा वर जाते. इन्व्हर्टर जिन्याखाली राहू दे, भिंतीतून एक वायर इकडे आली की झालं.

फक्त कुलरच्या तोंडासमोर नको. कुलरच्या हवेत पाणी असतं आणि आपल्याकडच्या पाण्याचा क्षार तर विचारूच नका.

तारतम्य · १० नोव्हेंबर, दुपारी २:१०

वर्धारोड, पूर्ण सहमत. मी फक्त हॉलऐवजी पॅसेज म्हणेन. पंख्याचा आवाज आणि लुकलुकणारे दिवे टीव्हीशेजारी नको होतात.

इतवारी_लाइन · १० नोव्हेंबर, रात्री ८:४५

केबलचं मी सांगतो, कारण हा माल मी रोज विकून राहिलो.

भाऊ, बाजारात कॅट सिक्स लिहिलेला डबा अर्ध्या भावात भेटला तर समजून जा. आत तांबं नाही, अॅल्युमिनियम आहे आणि वरून तांब्याचं पाणी. डब्यावर बारीक अक्षरात सीसीए लिहिलेलं असते, कधी तेही नसते. त्यातून नेट चालते, म्हणून कोणाले समजत नाही. पण अॅल्युमिनियमचा अडथळा तांब्यापेक्षा जास्त, कॅमेऱ्याले त्याच तारेतून वीज पाठवली का केबल तापते, वाकवली का आत तुटते, आणि पंच केल्यावर, म्हणजे जॅकच्या खाचेत दाबून बसवल्यावर, दोन वर्षांनी जोड ढिला पडते.

पाहायचं कसं? एक बित्ता केबल मागा, दुकानदार देते. ब्लेडने तारेले घासा. आत पांढरं दिसलं तर अॅल्युमिनियम, लालच राहिलं तर तांबं. अन् डबा हातात उचलून पाहा. ३०५ मीटरचा तांब्याचा डबा उचलताना खांदा सांगते, दुसरा फुलासारखा येते. भिंतीतली केबल एकसंध तारेची घ्या, २३ गेजची. जी नरम, बारीक तारांच्या गुच्छाची असते ती फक्त पॅच कॉर्डसाठी, म्हणजे जॅकपासून यंत्रापर्यंतच्या छोट्या तारेसाठी. चपट्या केबलच्या भानगडीत पडू नोका.

सीताबर्डीत घ्या का इतवारीत, बिल पक्कं घ्या अन् बिलावर 'सॉलिड कॉपर' लिहून मागा. जो दुकानदार लिहून देत नाही त्याच्याकडून माल घेऊ नोका, मग तो माझा भाऊ का असेना.

गोरेवाडा · १० नोव्हेंबर, रात्री ९:३०

घर एकदाच बांधतो माणूस. सिक्स ए च टाका. सेकंदाला दहा गिगाबिटच्या वेगाला १०० मीटरपर्यंत चालते, पुढची वीस वर्षं बघायला नको.

तारतम्य · १० नोव्हेंबर, रात्री १०:०५

गोरेवाडा, भावना समजते, पण इथे मी असहमत आहे. सिक्स ए १०० मीटरपर्यंत दहा गिगाबिट देते, बरोबर. पण साधी कॅट सिक्सही चांगल्या परिस्थितीत ५५ मीटरपर्यंत दहा गिगाबिट देते, आणि ३० बाय ५० च्या प्लॉटवर दोन मजल्यांच्या घरात सगळ्यात लांब ओढ २५ मीटरच्या पुढे जाणं कठीण. जो फायदा मिळणार आहे तो १०० मीटरच्या इमारतीत.

तोटे मात्र घरात जाणवतात. सिक्स ए जाड असते, त्यामुळे २५ च्या पाइपात चारच्या जागी दोन किंवा फार तर तीनच बसतात, आणि मॉड्युलर बॉक्समध्ये वळवताना मिस्त्री ती दाबूनच बसवतो. शील्डवाली (धातूच्या आवरणाची) घेतली तर दोन्ही टोकांना तिचा जोड आणि अर्थिंग नीट करावं लागतं, ते अर्धवट झालं तर फायदा काहीच नाही. आपल्या घरगुती इलेक्ट्रिशियनकडून ते होत नाही, यात त्याचा दोष नाही, त्याचं ते काम नाही.

वाचलेले पैसे जाड पाइपात आणि चांगल्या तांब्यात घाला.

गोरेवाडा · १० नोव्हेंबर, रात्री १०:२०

पाइप-जागेचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. मान्य. मी ऑफिसच्या अनुभवावरून बोललो, तिथे ट्रे असतात.

बेसेकर · ११ नोव्हेंबर, सकाळी ८:००

केबल ठरली. आता पॉइंट किती? मी कागदावर खोलीमागे एक धरला तर सात होतात.

निंबोणी · ११ नोव्हेंबर, सकाळी ८:४०

एक कमी पडतो. टीव्हीमागे दोन तरी हवेत: एक टीव्ही, एक सेटटॉप बॉक्स. तुमच्या कामाच्या टेबलाजवळही दोन, आणि टेबलाची जागा बदलली तर म्हणून समोरच्या भिंतीवर एक. आई-बाबांच्या खोलीत पलंगाच्या डोक्याशी नको, टीव्हीच्या भिंतीला द्या.

स्वयंपाकघरात आम्ही दिला नाही, आणि अजून लागलेला नाही.

तारतम्य · ११ नोव्हेंबर, सकाळी १०:१५

भिंतीइतकंच छताकडे बघा. वायफायचा जो अॅक्सेस पॉइंट असतो त्याची जागा छताला, मजल्याच्या मध्यावर. तुमच्याकडे प्रत्येक मजल्याला एक लागेल. ५ गिगाहर्ट्झची लहर आरसीसी स्लॅबमधून जाता जाता फार क्षीण होते, त्यामुळे खालचा एक राउटर वरच्या मजल्याला पुरेल ही आशा सोडा. तेव्हा या स्लॅबमध्ये खालच्या पॅसेजच्या छताला एक बॉक्स सोडा, फॅन बॉक्ससारखाच, आणि तिथून पेटीपर्यंत पाइप. हीच गोष्ट आत्ता नाही केली तर नंतर होत नाही. वरच्या मजल्याची पुढच्या स्लॅबला.

आपल्याकडच्या खिडक्यांची एक गंमत लक्षात घ्या. उन्हाळ्यात खिडकीत लोखंडी पत्र्याचा, पाण्याने भरलेला कुलर बसतो. पत्रा आणि पाणी दोन्ही लहर अडवतात. हिवाळ्यात पोर्चमध्ये मिळणारं वायफाय मेमध्ये मिळत नाही ते यामुळेही. म्हणून बाहेरच्या कॅमेऱ्यांना वायफाय नको, तारच हवी.

कॅमेरा आणि अॅक्सेस पॉइंटला वीज त्याच केबलमधून द्या, पीओई म्हणतात ते. पेटीतला स्विच इन्व्हर्टरवर असला की लाइट गेली तरी कॅमेरे चालू राहतात, प्रत्येकाजवळ वेगळा प्लग लागत नाही. साध्या पीओईत स्विच एका पोर्टवर १५.४ वॅट देतो, पीओई प्लसमध्ये ३०. तुमचे चार कॅमेरे प्रत्येकी सहा-सात वॅट आणि दोन अॅक्सेस पॉइंट प्रत्येकी बारा-तेरा धरले तर पन्नासेक वॅट होतात. स्विच घेताना एकूण क्षमता शंभराच्या वर असलेला घ्या. काठोकाठ भरलेला स्विच उन्हाळ्यात जास्त तापतो.

गच्चीवरचा · ११ नोव्हेंबर, रात्री ९:१०

सोलर बसवणार आहात म्हणून लिहितो. आमच्याकडे ३ किलोवॅटचा बसलाय, पीएम सूर्यघर योजनेतून. इन्व्हर्टर गच्चीच्या जिन्यात आहे आणि तो रोजची निर्मिती इंटरनेटवर पाठवतो. त्याची वायफायची कांडी फक्त २.४ गिगाहर्ट्झ पकडते आणि दोन स्लॅबखालच्या राउटरशी तिचं कधीच जमलं नाही. शेवटी तिथे एक केबल न्यावी लागली. तुम्ही पाइप आधीच न्या.

पण गच्चीवर तांब्याची तार म्हणजे विजेला वाट. विदर्भात जूनच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात विजा कशा पडतात ते सांगायला नको. वीज घरावर पडायलाच हवी असं नाही, जवळपास पडली तरी लांब तारेत धक्का तयार होतो. गेल्या वर्षी एका वादळात फाटकाचा कॅमेरा, त्याचा स्विच पोर्ट आणि रेकॉर्डर, तिन्ही एकदम गेले. तेव्हापासून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक केबलला पेटीत शिरण्याआधी सर्ज प्रोटेक्टर (असा धक्का जमिनीत सोडणारा डबा) लावलाय, आणि त्याची अर्थिंगची वायर थेट अर्थबारला, म्हणजे अर्थिंगच्या मुख्य पट्टीला. अर्थिंग चांगली नसेल तर तो प्रोटेक्टर म्हणजे नुसता डबा. मेमध्ये आपली काळी माती सुकून भेगाळते, अर्थपिटचा (अर्थिंगच्या खड्ड्याचा) अडथळा वाढतो. तिथे पाणी घालत जा.

बाहेरची केबल काळ्या पॉलिथिन आवरणाची घ्या. घरातली पीव्हीसीची केबल उन्हात दोन उन्हाळ्यांत तडकते. पोर्चपलीकडे वेगळी खोली किंवा गॅरेज असेल तर तिकडे तांबं नेऊच नका, फायबर न्या. काचेतून वीज जात नाही.

बेसेकर · १२ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

सध्या गॅरेज नाही. पण फायबरवरून आठवलं, कंपनीची तार घरात कुठून घेऊ?

वर्धारोड · १२ नोव्हेंबर, सकाळी ११:००

तुम्ही ठरवलं नाही तर तो ठरवेल, आणि तो ड्रिल घेऊन येईल. माझ्या बहिणीकडे नव्या टाइल्समधून भोक पाडून दिलं होतं.

बाहेरच्या भिंतीवर, मीटरच्या पेटीजवळ पण तिच्यापासून वेगळा, एक छोटा बॉक्स द्या. तिथून पेटीपर्यंत २५ चे दोन पाइप. दोन का, तर कंपनी बदलताना जुनी लाइन चालू ठेवून नवी टाकता येते, आणि घरून काम करणाऱ्याला दोन कंपन्यांची लाइन ठेवावीशी वाटतेच. पाइपाचा उतार बाहेरच्या बाजूला हवा, नाहीतर पावसाचं पाणी पाइपातून थेट पेटीत. फायबरला तीन सेंटिमीटरपेक्षा लहान वळण देऊ नका. टोकं स्टीलच्या घासणीच्या काथ्याने बंद करा, उंदीर तो कुरतडत नाहीत.

बेसेकर · १४ नोव्हेंबर, रात्री १०:४०

इलेक्ट्रिशियनसोबत सेंट्रिंगवर उभं राहून खडूने सगळं आखलं. तो आधी नाराज होता. मी निंबोणीताईंची मुमटीची हकीकत सांगितली तर म्हणाला, "दोन घरी माझ्याही हातून वरच बसलं आहे जी, पाहून येतो त्यायचं." आता तो स्वतःच विचारतो, पाइप इथून नेऊ की तिथून.

या स्लॅबमध्ये: हॉलच्या टीव्हीच्या भिंतीसाठी एक पाइप, आई-बाबांच्या खोलीला एक, पॅसेजच्या छतावरच्या अॅक्सेस पॉइंटला एक, पोर्चच्या कॅमेऱ्याला एक, मागच्या सांदीला एक. पेटीपासून वर जाणारे तीन पाइप जिन्याच्या भिंतीतून सरळ उभे. बाहेरून फायबरचे दोन. वर जाणाऱ्या तिनांपैकी एक रिकामाच राहणार आहे. बाबांनी विचारलं, रिकाम्या पाइपाचे पैसे कशाला? मी म्हटलं, तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

इंजिनिअरने एकच बदल सांगितला: जिन्याजवळच्या बीममधून सगळे पाइप एका ठिकाणी नेऊ नका, दोन जागी वाटा. कॉलमला झिरी तर मारायचीच नाही.

बेसेकर · २७ नोव्हेंबर, रात्री ११:२०

काल स्लॅब पडला. एक पाइप गेला.

सकाळी सगळे पाइप तपासले होते, दोऱ्या सरकत होत्या. मिक्सर सुरू झाल्यावर मजुरांची ये-जा, कोणाचा तरी पाय सांध्यावर पडला असणार. मागच्या सांदीच्या पाइपाची दोरी आज हलत नाही. त्या सांध्याला पाइप चिकटवायचं सोल्युशन लावलेलं नव्हतं, नुसता दाबून बसवला होता, हे इलेक्ट्रिशियनने स्वतःहून कबूल केलं. मला वाईट वाटलं ते पाइपाचं नाही. मी तीन तास वर उभा होतो आणि नेमका जेवायला खाली गेलो तेव्हा हे झालं.

काही करता येईल का?

तारतम्य · २८ नोव्हेंबर, सकाळी ६:४५

पाण्याचा जोर देऊन बघू नका, आत गाळ गेला असेल तर आता तो दगड झालाय. आणि स्लॅबला हात लावू नका. मागची सांद खालच्या मजल्यावरच आहे ना? मग स्वयंपाकघराच्या भिंतीतून छपाईच्या (प्लास्टरच्या) आधी खालून पाइप न्या. वीट भिंतीत झिरी उभी मारा, आडवी लांब झिरी चार इंची भिंतीत नको, तिची ताकद जाते. आडवं जायचं असेल तर फरशीखालून, पीसीसीच्या (फरशीखालच्या साध्या काँक्रीटच्या) आधी.

पुढच्या स्लॅबला: प्रत्येक सांध्याला सोल्युशन, प्रत्येक टोकाला टोपी आणि वरून टेप, दर तीन फुटांवर बांधणीची तार. आणि एक माणूस फक्त पाइपांवर नजर ठेवायला.

निंबोणी · २८ नोव्हेंबर, सकाळी ९:००

तुम्ही तिथे होतात म्हणून आज कळलं. आम्हाला रंग झाल्यावर कळलं होतं. छपाईच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढून ठेवा, भिंतीला मोजपट्टी टेकवून. पडद्याच्या दांड्याचं भोक पाडताना उपयोगी पडतो.

बेसेकर · १८ एप्रिल, रात्री ९:५०

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. दोन्ही स्लॅब, छपाई, पुट्टी झाली. दुसऱ्या स्लॅबचा एकही पाइप गेला नाही. केबल गेल्या आठवड्यात ओढली. एकूण १७ पॉइंट, एक डबा पुरला, शेवटी सत्तरेक मीटर उरली. इतवारीचे भाऊ, दुकानात ब्लेड मागितलं तेव्हा दुकानदाराने पहिला डबा न बोलता आत नेला आणि दुसरा आणला.

रॅकबद्दल, म्हणजे नेटवर्कच्या पेटीबद्दल, शेवटचा गोंधळ आहे. ६ यू घेऊ की ९ यू?

तारतम्य · १८ एप्रिल, रात्री १०:३०

एक यू म्हणजे १.७५ इंच उंची. पॅच पॅनल (भिंतीतल्या केबल जिथे येऊन संपतात ती पट्टी) एक, केबल आवरायची पट्टी एक, स्विच एक, खाली राउटर आणि ओएनटी (कंपनीची फायबर जिथे जोडतात ते यंत्र) ठेवायला फळी एक-दोन, कॅमेऱ्याचा रेकॉर्डर दोन. ६ यू तिथेच भरला. ९ यू घ्या, रिकामी जागा हवेला लागते. रॅकची खोली (पुढून मागपर्यंत) ४५० मिमी पुरेल, पण रेकॉर्डरची लांबी मागच्या वायरीसकट मोजून घ्या. काचेचं दार दिसायला छान, आपल्या हवेला जाळीचं बरं.

पॉइंटच्या बाजूला भिंतीत कीस्टोन जॅक (नेटच्या प्लगचं सॉकेट) लावा. भिंतीतल्या एकसंध केबलला थेट प्लग दाबून बसवून (क्रिंप करून) लोंबकळत ठेवू नका. रंगांचा क्रम दोन्ही टोकांना एकच, बी पद्धत: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जोडीचा पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडायचा नाही. पेंटर येण्याआधी प्रत्येक जॅकवर टेप लावा, पुट्टी आत गेली की तो जॅक गेला. आणि नंबर दोन्ही टोकांना, आजच. उद्या करू म्हटलं की आठवत नाही.

गच्चीवरचा · १९ एप्रिल, सकाळी ८:१५

रॅकची बॉडी अर्थ करायला विसरू नका. स्वतंत्र हिरवी वायर.

वर्धारोड · १९ एप्रिल, सकाळी ८:४०

आणि रॅकच्या लाइनला वेगळा एमसीबी. कुलरच्या मोटरने एमसीबी पडला तर नेट जाऊ नये.

बेसेकर · २८ मे, दुपारी ४:०५

नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू आहे. राहायला अजून गेलो नाही, फर्निचरचं काम चालू आहे, पण चोरीच्या भीतीने कॅमेरे आणि रॅक पंधरा दिवसांपूर्वीच सुरू केले. दोन थर्मामीटर घेऊन आज दुपारी घरी गेलो. घरात कुलर नाही, एसी नाही, खिडक्या बंद.

साडेतीनला मुमटीत ५१. पॅसेजमधल्या रॅकच्या आत, पंखा चालू, ३९. दार उघडून रॅकच्या बाहेर पॅसेजमध्ये ३७. राहायला गेल्यावर कुलर सुरू झाला की अजून तीन-चार अंश उतरेल.

काल संध्याकाळी वादळ आलं, दोन तास लाइट नव्हती. फाटकावरचा कॅमेरा मोबाइलवर दिसत राहिला. बाबा आत्ताच्या घरी सोफ्यावर बसून नव्या घराचा पोर्च पाहत होते, पाऊस कुठपर्यंत आत येतो ते. सकाळी मला म्हणाले, पोर्चच्या डाव्या बाजूला एक फूट पत्रा वाढवून घे, आणि गच्चीवरच्या सोलरला तो रिकामा पाइप पुरेल का ते विचारून घे.

गच्चीवरचा, एका २५ च्या पाइपात इन्व्हर्टरची एक केबल आणि गच्चीच्या दारावरच्या कॅमेऱ्याची एक, एवढंच जाणार आहे. सोलरच्या डीसी वायरी अर्थातच वेगळ्या पाइपातून, बाहेरच्या भिंतीवरून. बरोबर ना?

गच्चीवरचा · २८ मे, सायंकाळी ६:३०

बरोबर. पुरेल, आणि आणखी एक जाईल. दोरी आतच ठेवा.